वाचक विचारतात : दत्तक गेलेल्या शाखेचा शोध

प्रश्न : आमचे मूळ गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ लहानपणी दत्तक गेले, असे आजी सांगत असे. साल कोणालाच माहीत नाही. ‘प्लेगनंतर आणि तापसरीच्या आधी’ एवढीच खूण आहे. गाव रायबागच्या बाजूचे आणि घर वतनदारांचे, असेही ऐकले आहे. मुलाचे मूळ नाव आम्हाला ठाऊक आहे, पण पुढचे नाव आणि घेणाऱ्यांचे आडनाव ठाऊक नाही. बेळगावच्या कचेरीत चौकशी केली, तेव्हा असले काही येथे मिळणार नाही, असे सांगण्यात आले. थोरले काका म्हणतात की, दिलेल्या मुलाचा शोध घेऊ नये, उगाच जमिनीचे झेंगट मागे लागेल. आम्हाला कोणाची जमीन नको आहे. आपली माणसे कोठे आहेत, एवढेच समजून घ्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपण ज्या मुलाचा शोध घेत आहात तो त्याच्या मूळ नावाने कागदावर बहुधा पुन्हा भेटणार नाही, हे आधीच मनाशी धरावे. दत्तविधानाने वडिलांचे नाव आणि आडनाव बदलतेच. पण पुष्कळ घरांत मुलाचे स्वतःचे नावही पालटून नवे ठेवले जाई. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. तो राजघराण्यातला दत्तक असल्याने आजही सर्वांना माहीत आहे. वतनदाराच्या वाड्यात तेच घडले तर दोन पिढ्यांत जुने नाव पुसले जाते. म्हणून मुलाचा माग काढण्याऐवजी त्याला घेणाऱ्या घराचा माग काढावा. दत्तक घेतला जाई तो वंश आणि वतन पुढे चालावे म्हणून, आणि जेथे वतन किंवा जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेथे कोणतेही सरकार कागद केल्यावाचून राहत नाही. देणाऱ्या घरात मात्र काहीच हस्तांतर होत नाही, पुढच्या वाटणीतला एक हिस्सेदार तेवढा कमी होतो. आपल्या गावच्या दप्तरात काही हाती लागले नाही, त्याचे कारण बहुधा एवढेच असावे.

दुसरी गोष्ट अमलाची. रायबाग आज बेळगाव जिल्ह्यातील तालुका आहे, म्हणून आपण बेळगावात चौकशी केलीत, हे स्वाभाविकच होते. परंतु आपण सांगता त्या काळात, म्हणजे १८९६ नंतर पसरलेली प्लेगची साथ आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची तापसरी यांच्या दरम्यान, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर तो भाग बेळगाव जिल्ह्याला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात गेला. चंदगडचे नेमके उलट झाले : तो मुलूख ब्रिटिश अमलातील बेळगाव जिल्ह्यात होता आणि १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात आला. बेळगाव शहराला चिकटून असलेले शहापूरसुद्धा तेव्हा सांगली संस्थानाचे होते, त्यामुळे बेळगावातल्या एका पेठेतून दुसऱ्या पेठेत दिलेल्या मुलाचे कागदही दोन निरनिराळ्या सरकारांच्या दप्तरांत पडलेले असू शकतात. सीमाभागात शोध घेणाऱ्याने गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे हे विचारण्याआधी त्या साली तेथे कोणाचा अंमल होता हे विचारावे. निम्म्या फेऱ्या त्याने वाचतात.

आपल्या बाबतीत पहिली पायरी कोल्हापूरचे पुराभिलेखागार ही होय. संस्थानांत इनामदार आणि वतनदार यांच्या दत्तकाला दरबारची मंजुरी घ्यावी लागे आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. असा अर्ज, त्यावरील चौकशी आणि हुकूम ज्या प्रकरणात असतील, त्यात घेणाऱ्याचे नाव, मुलाच्या जनक (जन्मदात्या) पित्याचे नाव आणि गाव, भाऊबंदांची संमती किंवा हरकत, हे सारे सापडण्याचा संभव असतो. हरकत घेतलेली असेल तर शोधणाऱ्याचे भाग्यच म्हणायचे, कारण भांडणाऱ्या भाऊबंदांनी वंशावळी जितक्या काटेकोरपणे लिहून ठेवल्या आहेत तितक्या प्रेमाने नांदणाऱ्यांनी क्वचितच ठेवल्या असतील. तेथे जाताना ‘अमुक नावाचा मुलगा’ असे न विचारता रायबाग भागातील वतन व इनामाची दत्तक-मंजुरीची प्रकरणे पाहायची आहेत असे सांगावे, आणि आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव व आपले गाव जनक पक्षाच्या बाजूला कोठे आढळते ते पाहावे. घर कुलकर्ण्यांचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले, त्यामुळे त्या सुमारास गावदप्तराचे हात बदलले आणि काही कागद जुन्या कुलकर्ण्यांच्या घरीच राहिले असण्याचा संभव आहे.

हे कागद बहुतांशी मोडीत असतील. मोडी येणारे लोक कोल्हापुरात आणि बेळगावातही मिळतात, शिवाय महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरविले जातात. घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने तो वर्ग केला तर पुढचे काम स्वस्तात आणि जिव्हाळ्याने होते. तारखांनी गोंधळून जाऊ नये. शकात ७८ मिळविले आणि आपल्याकडच्या फसली (महसुली) सालात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन मिळतो, एखाद्या वर्षाचा फरक धरून चालावे. शके १८३२ आणि फसली १३२० ही दोन्ही १९१०–११ च्या आसपासची सालें होत.

कोल्हापुरात काही हाती लागले नाही तर वतने खालसा झाल्यानंतरचे कागद पाहावेत, आणि माझ्या मते हा मार्ग लोक विनाकारण विसरतात. परगणा व कुलकर्णी वतने मुंबई सरकारने १९५० च्या कायद्याने रद्द केली, आणि पाटीलकीसारखी गावपातळीवरील वतने कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने गेली. वतनाची जमीन सरकारजमा करून पुन्हा वतनदाराच्याच नावे द्यायची, तर तो वतनदाराचा वारस कसा, हे दाखवावे लागे; त्यासाठी घराण्याची वंशावळ प्रकरणात जोडलेली असते आणि तीत ‘दत्तक’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो. ही प्रकरणे तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधावी लागतात. जनक घराण्याचे नाव त्यांत प्रत्येक वेळी असेलच असे नाही, पण रायबाग भागातील कोणत्या वतनदार घरांत त्या काळात दत्तक आला एवढे कळले तरी शंभर घरांची यादी पाच-सहा घरांवर येते. जुने हक्कनोंदीचे फेरफार, म्हणजे जमिनीवरील नाव बदलल्याच्या नोंदी, त्याच हेतूने पाहावेत, कारण दत्तक पित्याच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद करताना तलाठी ‘दत्तक मुलगा’ असेच लिही. अर्ज कन्नडमध्ये द्यावा. कर्नाटकातील तालुका कचेऱ्यांतील जुने कागद स्कॅन करण्याचे काम अलीकडे सुरू झालेले आहे, तेव्हा ‘फाईल जीर्ण आहे’ हे उत्तर मिळाले तर स्कॅन झाली आहे का, हे आवर्जून विचारावे. संगणकावर नाव शोधताना कन्नडमध्ये ते कसे लिहिले जाते याचा विचार करावा लागतो. मराठीतले पाटील तिकडच्या उताऱ्यावर गौडा किंवा गौडर म्हणूनही आढळतात.

दत्तकपत्र नोंदलेले असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीतही विचारता येते. कोल्हापूर संस्थानाची व्यवस्था स्वतंत्र होती, त्यामुळे आपल्या प्रश्नात हा मार्ग दुय्यम आहे. पण खानापूर, चिकोडी किंवा जुन्या चंदगडातील दत्तकाचा शोध घेणाऱ्या अन्य वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रे आणि पतीने पत्नीला दिलेले दत्तक घेण्याचे अधिकारपत्र ही तिसऱ्या पुस्तकात नोंदली जातात, आणि लिहून देणारा मृत झाल्यावर त्या नोंदीची नक्कल कोणालाही मागता येते. स्थावराचा उल्लेख नसलेले दत्तकपत्र चौथ्या पुस्तकात जाते आणि त्याची नक्कल लिहून देणारे, त्याखाली हक्क सांगणारे किंवा त्यांचे प्रतिनिधी यांनाच मिळते. म्हणजे आपण परके म्हणून गेलात तर कारकून नकार देईल, आणि तो नकार कायद्याला धरूनच असेल. अशा वेळी दत्तक घराण्यातील कोणी आपल्याबरोबर असेल तरच उपयोग.

कागदांइतकेच महत्त्व मी हेळव्यांना देतो. सुगीनंतर बैलावरून किंवा गाडीतून येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखविणारे हेळवी बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. प्रत्येक हेळव्याची घरे ठरलेली असतात, मूळ पुरुषापासून नावे त्याच्या तोंडी असतात, आणि आता पुष्कळांच्या वह्याही आहेत. आपल्या घरी येणारा हेळवी कोणत्या गावचा, हे भावकीतल्या वयस्कर बायकांना विचारा. पायलीभर धान्य कोणाला दिले जाई हे पुरुषांपेक्षा त्यांच्या लक्षात राहते. तो आला की केवळ ऐकून न घेता पणजोबांच्या पिढीशी त्याला थांबवावे, किती भाऊ होते आणि त्यांपैकी कोणाचा वंश तो पुढे सांगत नाही, हे विचारावे. ज्याच्या नावापुढे तो थांबतो ते आपले दत्तक गेलेले चुलत पणजोबा असण्याचा संभव मोठा. त्याच्याकडूनच रायबाग भागातील वतनदारांची घरे कोणत्या हेळव्याकडे आहेत याचा पत्ता मिळवावा, कारण घेणाऱ्या घरच्या हेळव्याला मुलगा कोठून आला हे सांगावे लागलेले असते. घराण्याचा कोणी कधी त्र्यंबकेश्वरी विधीसाठी गेला असेल तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही मूळ गावच्या नावाखाली नोंद असू शकते.

कचेरीची पायरी चढण्याआधी नात्यातली चाळणी लावून घ्यावी. दत्तक सहसा परक्या घरी देत नसत. भावकीत, नाही तर सोयऱ्यांत देत. आपल्या पणजोबांच्या आत्या कोणत्या घरी दिल्या होत्या, त्यांच्या आईचे माहेर कोणते, घरातली एखादी लेक रायबागकडे नांदत होती का, ही तीन उत्तरे एका कागदावर लिहून काढा. मूल नसलेल्या आत्याने भाच्याला मांडीवर घेतल्याची उदाहरणे सीमाभागात कितीतरी आढळतील. त्याचबरोबर ‘दिला’ या शब्दावरही फार विसंबू नये. कित्येकदा मूल केवळ पोसायला दिलेले असते, कधी ते पुढे घरजावई म्हणून राहते. अशा दोन्ही प्रकारांत आडनाव बदलत नाही आणि मग दत्तकाची मंजुरी शोधणारा वर्षभर चुकीची फाईल चाळत बसतो. याच्या उलट, जुन्या हिंदू कायद्यात द्व्यामुष्यायण नावाचा प्रकार होता. मुलगा दोन्ही बापांचा राहील असा करार झाल्यास तो दोन्ही घरांचा वारस होई. तसे असेल तर त्याचे नाव आपल्या गावच्या वाटणीपत्रातही आले असेल, म्हणून घरातले जुने वाटणीपत्र एकदा पुन्हा वाचा.

शाळेचे जनरल रजिस्टर ही आणखी एक जागा. मुलगा पाच-सात वर्षांचा असताना गेला असेल, तर आपल्या गावच्या शाळेत त्याचे नाव कमी केल्याची नोंद सापडू शकते. आणि तिकडच्या शाळेत जन्मस्थळाचा रकाना भरलेला असेल तर तेथे आपल्या गावाचे नाव दिसेल. नाव बदलले तरी जन्मगाव बदलता येत नाही. रायबागकडच्या जुन्या शाळांत, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन, त्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदींत केवळ जन्मगावाच्या रकान्यावरून नजर फिरवावी.

आता काकांच्या भीतीविषयी. कायद्याच्या दृष्टीने ती बरीचशी निराधार आहे. दत्तक गेलेला मुलगा जनक घराच्या एकत्र मिळकतीतला हिस्सा गमावतो, हे तत्त्व जुन्या हिंदू कायद्यातही होते आणि २१ डिसेंबर १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमातही आहे. वर सांगितलेला द्व्यामुष्यायण हाच त्याला मोठा अपवाद. त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र आपल्या काकांना जरूर वाचून दाखवा : जनक घरात ज्याच्याशी लग्न होऊ शकले नसते त्याच्याशी दत्तक गेल्यावरही होऊ शकत नाही. म्हणजे शोध न घेण्यातही धोका आहेच, विशेषतः सोयरीक याच चार तालुक्यांत होत असताना.

खरी भीती समोरच्या घराला वाटेल. दत्तक खोटा आहे, विधीच झाला नाही, संमतीच नव्हती, असे दावे भाऊबंदांनी शतकभर लावलेले आहेत, आणि ज्या जिल्ह्यात कित्तूरच्या दत्तकावरून १८२४ मध्ये लढाई पेटली तेथे दत्तकाचा कागद मागणाऱ्या अनोळखी माणसाकडे कोणी हसतमुखाने पाहील, ही अपेक्षा करू नये. म्हणून घर सापडल्यावर वकिलाचे पत्र तर नकोच, फोनही नको. दोन्ही घरांना ओळखणारा एखादा सोयरा मध्ये घालावा, आणि त्याच्या हाती एक साधे पत्र द्यावे. त्यात आपली वंशावळ पूर्ण लिहावी, त्यांची मागू नये; आपण कोणत्याही मिळकतीवर हक्क सांगत नाही आणि सांगणार नाही, हे पहिल्या चार ओळींत यावे; दत्तकपत्राच्या झेरॉक्सचा उल्लेखही करू नये. पहिल्या भेटीला घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्यावे. पुरुष पुरुषांशी बोलू लागले की गट नंबर निघतात, बायका बोलू लागल्या की बारशाची आणि लग्नांची नावे निघतात, आणि आपल्याला हवी आहेत ती दुसरी. घरी कोणी दत्तक आल्याचे त्यांच्या पोरांना ठाऊकच नसेल, तर सांगायचे की नाही हे त्यांच्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्या.

डीएनए चाचणीविषयी हल्ली बरेच वाचक विचारतात, म्हणून दोन वाक्ये. पणजोबांच्या भावाच्या पणतूशी आपला जनुकीय वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी असतो आणि कधी तो चाचणीत दिसतही नाही, तेव्हा नुसती चाचणी करून माणूस सापडेल अशी आशा धरू नये. दोन्ही बाजूंनी मुलांमागून मुले अशी अखंड पुरुषपरंपरा असेल तर वाय गुणसूत्राची तुलना उपयोगी पडते, पण ती घर सापडल्यानंतर, दोघांच्या राजीखुशीने आणि खात्री करून घेण्यापुरतीच.

प्रश्न : माझ्या आजीची धाकटी बहीण १९४० च्या सुमारास मूल नसलेल्या मावशीला दिली होती. मावशी कोल्हापूरकडची. पुढे तिचे लग्न कोठे झाले हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही. दत्तकाचा कागद कोठे मिळेल?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, दत्तकाच्या कागदामागे लागू नका, तो नसणार. १९५६ च्या कायद्याआधी हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण सोय नव्हती, त्यामुळे आपल्या आजीची बहीण मावशीकडे वाढली, एवढेच घडले असावे. मुलीचा माग लग्नावरून काढावा लागतो, आणि आपल्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे. जन्म देणारी आई आणि वाढविणारी मावशी या सख्ख्या बहिणी, म्हणजे मुलीचे आजोळ आणि मामा बदललेच नाहीत. अंतरपाटामागे तिला घेऊन उभा राहिलेला मामा आपल्या आजीचाही मामाच होता. त्या मामाच्या घरी जा आणि जुन्या ट्रंकेत आहेराची वही आहे का ते विचारा. कोणत्या गावच्या लग्नात किती रुपये, कोणते भांडे, कोणती साडी दिली, हे अशा वह्यांत जावयाच्या नावासकट लिहिलेले असते. वही नसेल तर त्या घरातल्या पत्रिका आणि बारशाची निमंत्रणे पाहावीत, आणि दिवाळीला किंवा पंचमीला तिला माहेरी आणायला मुराळी कोणत्या गावी जात असे हे विचारावे. गाव कळले की तेथील शाळेच्या दप्तरात तिच्या मुलांच्या नोंदी शोधता येतील. कोल्हापूर जिल्ह्यातील गाव निघाले तर जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा जरूर पाहा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रात असली जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर बाहेर काढून तपासली गेली आहेत, त्यामुळे पूर्वी ज्यांवर धूळ बसली होती ती पुस्तके आता निदान कोणत्या कपाटात आहेत हे तरी कचेरीत सांगता येते.

प्रश्न : माझ्या आत्याने लग्नाआधी झालेले मूल १९९० नंतर एका संस्थेकडे सोपविले होते. ते आता मोठे झाले असेल. आत्याला न सांगता मी त्याचा शोध घेऊ शकतो का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. संस्थेमार्फत दत्तक गेलेल्या मुलाच्या बाबतीत आज २०२२ चे दत्तक विनियम लागू आहेत आणि त्यांप्रमाणे आपल्या मुळाचा शोध घेण्याचा हक्क मुलाचा स्वतःचा आहे, तोही जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाध न आणता. त्रयस्थाला तशी परवानगी नाही, आणि कायद्याच्या नजरेत आपण भाचे असलात तरी त्रयस्थच. आत्यांची स्वतःची इच्छा असेल तर त्यांनी त्या संस्थेला पत्र देऊन, मुलाने कधी विचारणा केल्यास आपली भेटण्याची तयारी आहे असे फाईलला लावून ठेवण्याची विनंती करावी. त्यांनी हा विषय इतकी वर्षे काढला नसेल तर आपणही तो काढू नये.